मुठीएवढी

पोटाच्या मागच्या भिंतीला टेकून, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला ती बसलेली असते. छातीच्या बाराव्या मणक्यापाशी तिचं डोकं आणि कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी तिचा पाय. ताठ बसण्याची तिला सवय नाही. डोकं कण्याकडे झुकलेलं, पाय जरा बाहेर, अंगही किंचित वळलेलं. भोवती चरबीची गादी, अंगावर पातळ पण चिवट आवरण, रंग तपकिरीकडे झुकणारा तांबडा, आकार घेवड्याच्या बीसारखा. खोल श्वास घेतला की ती दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकते, सोडला की परत जागेवर येते. ज्याच्या पोटात हे चालतं त्याला जन्मभर त्याचा पत्ता नसतो.

त्या दोघी असतात. उजवीच्या डोक्यावर यकृताचं ओझं, म्हणून ती थोडी खाली बसते. डावी तिच्याहून जराशी वर आणि बहुधा जराशी लांब, अर्ध्या सेंटिमीटरने वगैरे. दोघींचं मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साठ किलोच्या माणसात जेमतेम अर्धा टक्का. एवढ्याशा अंगाकडे हृदयाने लोटलेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा येतो. दिवसाकाठी साधारण १८० लिटर पाणी त्या गाळून काढतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्ताला परत देतात. क्षार किती ठेवायचे, किती सोडायचे, रक्तदाब कुठवर चढू द्यायचा, अस्थिमज्जेला रक्त बनवायचा निरोप कधी धाडायचा, हे सगळं त्यांच्याच हाती.

कामाबद्दल किडनीचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला तिच्या मापाबद्दल लिहायचं आहे, कारण हल्ली माणसाची तिच्याशी पहिली ओळख मापातूनच होते. सोनोग्राफीच्या कागदावर एक आकडा छापून येतो आणि तो आकडा पाहून घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागतात.

किती मोठी असते ती? शाळेतल्या बाईंपासून गल्लीतल्या डॉक्टरांपर्यंत सगळे सांगतात, आपल्या मुठीएवढी. हे उत्तर ढोबळ आहे, पण त्यातला ‘आपल्या’ हा शब्द मोलाचा आहे. उंच माणसाची मूठ मोठी, ठेंगण्याची लहान, पोराची त्याहून लहान. लोकांनी तिचं माप ज्याच्या पोटात ती आहे त्याच्याच अंगावरून घेतलं. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. चरकसंहितेत माणसाची उंची ८४ अंगुळं सांगितली आहे आणि ती ज्याची त्याच्या बोटाने मोजायची. शरीरातले द्रवही ज्याच्या त्याच्या ओंजळीने मोजले आहेत, त्यात मूत्र चार ओंजळी. अंगुळाचा हिशेब आज कुणी वापरणार नाही, वापरूही नये. पण माणूस हाच स्वतःचा मापदंड, ही त्यामागची समज मात्र आजच्या छापील रिपोर्टातून गळून पडली आहे.

वैद्यकाचा विद्यार्थी वेगळं माप पाठ करतो. अकरा, सहा, तीन. लांबी ११ सेंटिमीटर, रुंदी ६, जाडी ३. वजन पुरुषात दीडशे ग्रॅम, बाईत १३५. ग्रेच्या शरीररचनेच्या पुस्तकातून हे आकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले. ते पुस्तक पहिल्यांदा १८५८ साली लंडनमध्ये निघालं. आकडे खोटे नाहीत, पण ते तिकडच्या देहांचे आहेत. विच्छेदनाच्या टेबलावर तिला हातात घेऊन मोजलं, तर तिच्यात रक्त खेळत नसतं. जिवंतपणी ती भरलेली असते. म्हणजे ज्या मापाशी आपण जिवंत माणसाची तुलना करतो, ते मुळात दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या अवस्थेतल्या किडनीचं.

ही तुलना प्रत्यक्षात कशी होते ते पाहायला आता सुरतेत येऊ. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरलं की गुजरातीबरोबर मराठी आणि अहिराणीही कानावर पडत राहते. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर ही सगळी गावं उधना-जळगाव रेल्वेलाइनवर ओळीने उभी आहेत आणि त्या लाइनने खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे पोटासाठी येत राहिली. कुणी लूमच्या खात्यात, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी साडीच्या मार्केटात पार्सलं उचलायला. लूमच्या खात्यात खटाखट एवढी की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. उकाडा भयंकर, बारा-बारा तासांची पाळी. पाणी कमी, चहा जास्त, आणि मशीन सोडून लघवीला जायचं तर धागा तुटायची धास्ती. गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्राचा काही भाग तसाही मुतखड्यांसाठी प्रसिद्ध. सुरतेत त्याला पथरी म्हणतात. कमरेत कळ येते, ती जांघेपर्यंत उतरते, माणूस गडबडा लोळतो आणि कुणीतरी त्याला रिक्षात घालून सोनोग्राफीला नेतं. किडनीचं नाव घरात प्रथम निघतं ते बहुधा असं.

सोनोग्राफीच्या दारावर गुजरातीत पाटी, इथे गर्भाचं लिंगनिदान केलं जात नाही. आत खोलीत अंधार, एसीचा गारवा. माणूस सदरा वर करून कुशीवर झोपतो. बरगड्यांखाली थंडगार जेल पडतं, त्यावरून प्रोब फिरू लागतो. ‘श्वास लो... रोको.’ पडद्यावर करड्या धुक्यातून ती हळूहळू उमटते. बाहेरची कड काळपट, मधला गाभा पांढरा चमकता. काळपट कड म्हणजे काम करणारा भाग, चमकता गाभा म्हणजे आतली चरबी, नळ्या आणि रक्तवाहिन्या. बाहेरची कड शेजारच्या यकृताहून जास्त उजळ दिसते का, हेही डॉक्टर त्याच नजरेत पाहून घेतात. तसं दिसलं तर ती बातमी चांगली नसते.

मग डॉक्टर चित्र थिजवतात. हाताखालचा गोळा फिरवून एक बारीक फुली तिच्या वरच्या टोकावर ठेवतात. फुलीमागून ठिपक्यांची रेघ ओढत दुसरी फुली खालच्या टोकापर्यंत नेतात. कोपऱ्यात आकडा उमटतो, समजा ९.१. मग आडवी रेघ, ४.२. लगेच दुसरी कूस. काही मिनिटांत काम संपतं.

सगळी मेख त्या दोन फुल्यांत आहे. ती तिरपी बसते हे वर सांगितलंच. प्रोब तिच्या कलाला धरून बसला नाही, चार अंश इकडे-तिकडे झाला, तर छेद तिच्या टोकांवरून न जाता अलीकडूनच जातो आणि लांबी कमी भरते. अशी चूक बहुधा कमीच्या बाजूला होते. म्हणून जाणता सोनोलॉजिस्ट दोन-तीनदा मोजतो आणि सर्वांत मोठा आकडा घेतो. डावीपुढे आतड्यातला वारा येतो, वरच्या टोकावर बरगडीची सावली पडते, माणूस श्वास धरू शकत नाही. दोन डॉक्टरांनी एकाच दिवशी एकच किडनी मोजली तरी अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. हा दोष कुणाचा नाही, या मोजणीचा तो स्वभाव आहे. पण तो रिपोर्टवर लिहिलेला नसतो. ९.१ हा आकडा मात्र दशांशासकट ठासून छापलेला असतो.

त्या कागदावर नाव असतं, वय, पुरुष की स्त्री, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, तारीख, वेळ. बहुतेक रिपोर्टांवर उंची नसते, वजन नसतं. ज्या अंगात ती बसली आहे त्या अंगाचाच उल्लेख नसतो.

तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माणूस सुट्टीत गावी जातो. तिथला कुणी डॉक्टर वाचतो, पुस्तकातलं अकरा आठवतो आणि म्हणतो, किडनी जरा लहान दिसते आहे, लक्ष ठेवा. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘किडनी बारीक व्हई गयी’ होतं. दोन दिवसांत गावभर किडनी सुकली, आखडली. मग डाळ बंद, दूध बंद, कुणाच्या सांगण्यावरून काढा सुरू. काढ्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि ठणठणीत किडनीला खरा धोका तिथून सुरू होतो.

ती माणसाच्या अंगाप्रमाणेच वाढते, हे जगभर मोजून झालं आहे. डेन्मार्कमध्ये ६६५ प्रौढ स्वयंसेवकांच्या किडन्या सोनोग्राफीने मोजल्या आणि १९९३ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. डावीची मधली लांबी ११.२ सेंटिमीटर, उजवीची १०.९. घनफळ डावीचं १४६ घन सेंटिमीटर, उजवीचं १३४. आणि घनफळाचं सगळ्यांत घट्ट नातं निघालं ते शरीराच्या एकूण पृष्ठभागाशी, म्हणजे उंची-वजनाशी. वय वाढलं की ती आकसते, आणि आकसतो तो तिचा काम करणारा भाग, हेही तिथे दिसलं. भारतातल्या अनेक पाहण्यांत प्रौढांची सरासरी लांबी साडेनऊ ते दहा सेंटिमीटरच्या आसपास भरते. डॅनिश माणसाची किडनी आपल्याहून जास्त निरोगी म्हणून मोठी नाही, डॅनिश माणूसच मोठा आहे.

एक्स-रेचा काळही ध्यानात घ्यायला हवा. सोनोग्राफी यायच्या आधी शिरेतून औषध सोडून तिचे फोटो काढत, आयव्हीपी म्हणत त्याला. फिल्म आणि किडनी यांच्यात अंतर असल्याने सावली मोठी पडे, आणि औषधाने ती जरा फुगेही. म्हणून त्या फोटोंवरचं माप सोनोग्राफीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्तच भरे. जुन्या पुस्तकांतले काही मोठे आकडे त्या सावल्यांचे आहेत. त्या काळच्या रेडिओलॉजिस्टांनी मात्र एक शहाणपण केलं होतं. त्याच फिल्मवर दिसणाऱ्या कमरेच्या मणक्यांशी ते तिची तुलना करत. निरोगी किडनी साधारण साडेतीन मणक्यांएवढी, मधल्या चकत्या धरून. मणकाही त्याच माणसाचा आणि तोही त्याच फिल्मवर मोठा झालेला. माप आपोआप ज्याचं त्याच्या अंगाचं होई.

आज मणके मोजायची गरज नाही. भिंतीवर उंचीची पट्टी आणि जमिनीवर वजनकाटा, एवढं पुरे. शरीराच्या पृष्ठभागाचं एक नावाजलेलं सूत्र द्यू बॉइस मंडळींनी १९१६ साली अमेरिकेत बसवलं, ते अवघ्या नऊ माणसांच्या अंगावर साचे चढवून. १९८७ साली मोस्टेलर यांनी हे गणित इतकं सोपं केलं की मोबाइलवर होतं. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ५५ किलोच्या कारागिराचा पृष्ठभाग १.५६ चौरस मीटर येतो. १७८ सेंटिमीटर, ७५ किलोच्या माणसाचा १.९३. जवळजवळ पाव हिश्शाचा फरक. तेवढं रक्त, तेवढे स्नायू, तेवढा मळ गाळायचं काम कमी-जास्त.

आता या दोघांच्या पोटात ९.४ सेंटिमीटरच्या किडन्या आहेत असं धरा. पहिल्याची किडनी त्याच्या उंचीच्या ५.९ टक्के झाली. दुसऱ्याची ५.३ टक्केच. दुसऱ्याला पहिल्याच्या प्रमाणात हवी असेल तर ती साडेदहाच्या जवळ पाहिजे. रिपोर्ट दोघांचा एकच येईल, नॉर्मल साइझ. पहिल्याला तो लागू आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मी तरी थांबेन आणि डॉक्टरांना विचारेन की रक्त-लघवी तपासली का, पूर्वीचं माप काय होतं. छापील नॉर्मलने लहान अंगाचा माणूस उगाच घाबरतो आणि मोठ्या अंगाचा उगाच निर्धास्त राहतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

रक्ताच्या रिपोर्टवर जीएफआर, म्हणजे किडन्यांच्या गाळण्याच्या वेगाचा आकडा, येतो, त्याच्या शेपटीला १.७३ चौरस मीटर लिहिलेलं असतं, तेही याच जातीचं. १९२० च्या दशकातल्या पंचविशीच्या अमेरिकन स्त्री-पुरुषांचा तो सरासरी पृष्ठभाग. शंभर वर्षांपूर्वीचा तो अमेरिकन आज सुरतेच्या प्रत्येक लॅबमध्ये खानदेशी माणसाशेजारी उभा आहे. तुलनेसाठी काहीतरी एक माप लागतं हे खरं, आणि जगभर ते एकच असल्याने सोय होते हेही खरं. पण औषधाचा डोस ठरवताना किंवा किडनी द्यायची-घ्यायची ठरवताना ज्याचं अंग त्याचाच पृष्ठभाग धरावा लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. १९८४ साली अमेरिकेत मुलांसाठी एक सोपं सूत्र निघालं. एक वर्षापुढच्या मुलात ६.७९ अधिक वयाच्या वर्षाला ०.२२ सेंटिमीटर. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाची किडनी ८.१ सेंटिमीटर हवी. आता नंदुरबारकडच्या सातपुड्यातलं पोर घ्या, धडगाव किंवा अक्कलकुव्याचं, जिथे कुपोषण पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. वय सहा, उंची चार वर्षांच्या मुलाची. त्याची किडनी त्याच्या उंचीला शोभेल अशी असेल, वयाला नाही. वयाच्या तक्त्यावर ती लहान ठरेल आणि उपाशीपणाचं निदान किडनीच्या नावावर जाईल. अशा मुलाला उंचीचाच तक्ता लावायला हवा.

पण गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. तिच्या आत गाळण्यांसारख्या ज्या बारीक रचना असतात, नेफ्रॉन, त्या सरासरी एकेकीत नऊ-दहा लाख. कुणात दोन-अडीच लाख, कुणात वीस लाख. आईच्या पोटात छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला त्यांची भरती संपते. नंतर एकही नवा नेफ्रॉन होत नाही. निम्म्याहून जास्त तर शेवटच्या तीन महिन्यांत होतात, म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याकडची बाई रोवणी, निंदणी, ऊसतोडणी करत असते. पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने आसपासच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच मोजली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. सगळ्या मापांत जास्तीत जास्त मागे पडलेलं माप पोटाच्या घेराचं, आणि पोटातले अवयव लहान असल्याची ती खूण. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. १९८८ साली अमेरिकेतले ब्रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी विचार मांडला की कमी नेफ्रॉन घेऊन आलेल्या माणसात प्रत्येक नेफ्रॉनवर भार जास्त पडतो आणि पुढे रक्तदाब, किडनीचा आजार यांचा धोका वाढतो.

इथे माझ्या आधीच्या बोलण्याला मुरड घालणं भाग आहे. लहान अंगाला लहान किडनी शोभते, हे बरोबर. पण ते अंगच पोटात उपाशी राहून लहान झालं असेल, तर शोभणारी किडनीसुद्धा गाठीला थोडकी पुंजी घेऊन आलेली असते. तो माणूस गावी कष्ट करत, हडकुळा राहिला तर निभावून नेतो. शहरात येऊन बसून काम, वडापाव-फाफडा, पोट सुटणं, साखर वाढणं असं झालं की अंग मोठं होतं आणि नेफ्रॉन तेवढेच राहतात. म्हणून उंची आणि वजन दोन्ही लिहायला हवं, आणि शक्य तर जन्माचं वजनही विचारायला हवं. आईला ते बहुधा आठवतं.

आकारावरून तिच्याबद्दल मत बनवणाराला ती आणखीही चकवते. मधुमेहाच्या सुरुवातीला ती फुगते, जास्त गाळू लागते. पुढे निकामी होत आली तरी कित्येकांत तिचं माप चांगलं दहा-अकरा सेंटिमीटर असतं. त्या वेळी नॉर्मल साइझ वाचून निश्चिंत होणं म्हणजे फसणं. मुतखडा नळीत अडकून लघवी तुंबली की ती ताणली जाते, लांबी वाढते, पण काम करणारी कड पातळ होत जाते. त्यात मोठेपणा हाच रोग. गाठींचा वंशपरंपरेचा आजार असेल तर ती कित्येक पटींनी वाढून पोट व्यापते. उलट वर्षानुवर्षांच्या आजाराने ती आठ सेंटिमीटरच्या खाली आली, कड पांढरट झाली, आतल्या-बाहेरच्या थरांतली रेघ पुसली गेली, तर मात्र डॉक्टर सुई घालून तुकडा काढायचा विचारही सोडतात, कारण मागे फिरायची वेळ बहुधा गेलेली असते. आणि हे सगळं होईपर्यंत ती तक्रार करत नाही. निम्मी ताकद गेली तरी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे तिने गाळून टाकायचा मळ, बऱ्याचदा नॉर्मलच्या घरात असतं. तिच्या या सोशिकपणाचं मला कौतुक वाटत नाही, भीतीच वाटते.

एकटी पडली की ती काय करते, ते मात्र पाहण्यासारखं आहे. एक काढून टाकली किंवा जन्मतःच नसली, तर दुसरी वाढते. नवे नेफ्रॉन येत नाहीत, असलेलेच मोठे होतात. दात्याने एक दिल्यावर उरलेली एकटीच काही आठवड्यांत दोघींच्या कामापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास ओढू लागते. म्हणून एकट्या किडनीच्या माणसात चारचौघींसारखं माप आलं तर ते कमी समजायचं. तिने मोठंच असायला हवं.

मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली भारतातलं पहिलं किडनी प्रत्यारोपण झालं, १९७१ मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याचं यशस्वी झालं, १९९४ मध्ये अवयवदानाचा कायदा आला. आज दाता ठरला की सीटी अँजिओग्राफीवर त्याच्या दोन्ही किडन्या पातळ-पातळ छेदांत मोजतात. नियम असा की जी जास्त चांगली ती दात्याकडे राहते. दोन्ही सारख्या असतील तर बहुधा डावी घेतात, तिची शीर लांब असते म्हणून. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला. पंचेचाळीस किलोच्या बाईची किडनी ऐंशी किलोच्या नवऱ्याच्या पोटात जाते तेव्हा मुठीचा हिशेब शस्त्रक्रियेच्या टेबलावर येऊन उभा राहतो. लहान किडनी, मोठं अंग, म्हणजे पहिल्या दिवसापासून जादा भार. सर्जन हे तोलून बघतात, घरच्यांना सांगतात. तरीही ती देते, आणि बहुतेकदा ती किडनी वर्षानुवर्षं निभावून नेते.

सुरतेत हा विषय परका नाही. इथे डोनेट लाइफ ही संस्था मेंदूमृत माणसांच्या नातेवाइकांशी बोलून अवयवदान घडवते. सुरतेहून किडन्या अहमदाबादला, डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी उभारलेल्या किडनी संस्थेकडे जातात, त्यासाठी पोलीस रस्ता मोकळा करून देतात. ज्यांच्या घरात आदल्या दिवशी मृत्यू झाला आहे, त्यांनी दुःखात एक सही केलेली असते. त्यातली काही घरं याच लूमच्या आणि मार्केटच्या वस्त्यांतली असतात.

सीटी आणि एमआरआय तिचं खरं माप देतात, कारण तिथे छेदागणिक तिची कड आखून घनफळ मोजता येतं. सोनोग्राफीवर लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करून ०.५२३ ने गुणतात, तिला लंबगोल धरून. ९.४, ४.८ आणि ४.२ असेल तर ९९ घन सेंटिमीटर. पण ती पुरती लंबगोल नाही, म्हणून हे उत्तर एमआरआयशी ताडलं तर १५ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी भरतं. तरी उधन्यातल्या प्रत्येक कमरेच्या कळेला सीटी करावा असं कुणी म्हणणार नाही. त्यात किरणोत्सर्ग आहे, खर्च आहे, शिरेतलं औषध कमकुवत किडनीला त्रास देऊ शकतं. नुसत्या उंची-वजनावरून तिचं माप सांगणंही चालणार नाही. तो अंदाज सगळ्यांच्या सरासरीचा, आणि एकेका माणसात तो सेंटिमीटरभर सहज चुकतो. खरं माप सोनोग्राफीचं, आणि ते वाचायची पट्टी त्या माणसाच्या अंगाची. दोन्ही एका कागदावर आली की काम होतं. एकटं कुठलंच पुरत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. सोनोग्राफीला जाल तेव्हा मागचा रिपोर्ट बरोबर न्या. तो फेकू नका, कारण तिची स्वतःशी केलेली तुलना कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाची. नव्या रिपोर्टवर उंची आणि वजन लिहून मागा, डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. किडनी लहान असं कुणी म्हटलं तर काढा घेण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर माप कितीही चांगलं असो, या दोन तपासण्या दरवर्षी करा. आणि लूमच्या खात्याचे मालक हे वाचत असतील तर त्यांनी पाण्याचा माठ भरलेला ठेवावा, आणि पाळीत कारागिराला लघवीला जायची सवड द्यावी.